गाठोडे सोडण्यापूर्वी

जयपूरहून मुंबईकडे निघणाऱ्या गाडीत एखादी तरी मराठी गृहिणी अशी हमखास आढळते, की जिच्या बाकाखाली स्वतःच्या सामानापेक्षा गाठोडीच अधिक असतात. सांगानेरी चादरी, बगरूच्या छापाचे ड्रेस-पीस, दुपट्टे, हलक्या जयपुरी रजया आणि कागदात गुंडाळून डब्यात रचलेल्या लाखेच्या बांगड्या. पुणे, नाशिक, ठाणे किंवा नागपूर मुक्कामी पोहोचल्यावर हा माल बैठकीच्या खोलीतील दिवाणावर मांडला जातो, शेजारणींना निरोप जातात आणि एक घरगुती व्यवसाय सुरू होतो. भांडवल बहुधा घरखर्चातून मागे टाकलेले, एखादी मुदत ठेव मोडून काढलेले किंवा यजमानांनी काहीशा साशंक मनाने दिलेले असते. दुकानाचे भाडे नाही, नोकरांचा पगार नाही, दिव्याचे वेगळे बिल नाही. तेव्हा यात जोखीम ती कसली, असा समज सहज होतो.

पहिली खेप हा समज पक्का करते. नणंद दोन चादरी घेते, समोरच्या वहिनी एक ड्रेस-पीस घेतात, भिशीच्या मैत्रिणी बांगड्या संपवतात. पंधरवड्यात कपाट रिकामे होते आणि दुसऱ्या खेपेसाठी दुप्पट माल येतो. तो संपायला तीन महिने लागतात. तिसरी खेप मात्र कपाटातच राहते. समजा, तिसऱ्या वेळी ६० हजार रुपयांचा माल आणला आणि त्यातला निम्मा वर्षभर पडून राहिला, तर ३० हजार रुपये डांबराच्या गोळ्यांच्या वासात अडकले. बँकेतील ठेवीवर व्याज मिळते, कपाटातील ठेवीवर ते कोणी देत नाही. शिवाय ती गृहिणी जिन्यात भेटली की शेजारणी हल्ली घाईत असतात, हे नुकसान कोणत्याच वहीत लिहिले जात नाही.

असे का होते? माल वाईट नसतो, भावही फारसा चढा नसतो. पहिल्या खेपेच्या खरेदीदार बायका मुळात गिऱ्हाइके नव्हत्याच. त्यांनी चादर घेतली ती भिडेखातर. भीड ही आपल्या समाजातील मोठी गोड गोष्ट आहे, परंतु ती एकदाच कामी येते. दुसऱ्यांदा तिच्यावर भार टाकला की ती तुटते. ज्या शहरातून हा माल येतो, त्या शहराला ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. आपल्याकडच्या गृहिणी जयपूरहून माल आणतात. तो कोणापुढे मांडायचा आणि कोणापुढे नाही, हे ठरविण्याची तिथली रीत मात्र तिथेच राहून जाते.

जौहरी बाजारातील गादी

जयपूर हे आखून, मोजून वसविलेले शहर आहे. सवाई जयसिंह यांनी १७२७ साली त्याची पायाभरणी केली, तेव्हा राजवाड्याइतकाच विचार बाजारपेठांचा झाला. रुंद सरळ रस्ते, दुतर्फा सारख्या मापाची दुकाने, आणि आतल्या गल्ल्यांतून एकेका व्यवसायाची वस्ती. व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना बाहेरून बोलावून येथे वसविण्यात आले. मणिहारों का रास्ता म्हटले की लाखेच्या बांगड्या, गोपालजी का रास्ता म्हटले की जवाहीर, ही ओळख आजही टिकून आहे. २०१९ साली युनेस्कोने या तटबंदीच्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यामागे हा जिवंत बाजारही होताच.

जौहरी बाजारातील जुन्या वळणाच्या कापड दुकानात शिरले, की पायताणे बाहेर काढून पांढऱ्याशुभ्र गादीवर बसावे लागते. लोड पुढे सरकवला जातो, पाणी येते, चहाचे विचारले जाते. कापड अजून एकही उघडलेले नसते. मालक सहज चौकशी करतो. “कहाँ से पधारे?” “घर में शादी है?” “अपने लिए, या किसी को देना है?” “कब तक रुकेंगे?” आपण हे आदरातिथ्य समजून मोकळेपणाने उत्तरे देतो. आदरातिथ्य ते असतेच, पण त्या चार उत्तरांत दुकानदाराला हवे ते सर्व मिळालेले असते. गाव कळले की हवामान आणि रंगांची आवड कळते. लग्नकार्य असेल तर नग किती लागतील आणि कोणत्या तारखेपूर्वी, हे समजते. स्वतःसाठी की देण्यासाठी, यावरून किमतीचा अंदाज येतो. मुक्काम विचारला तो आजच निर्णय होणार की उद्या पुन्हा यायला सांगायचे, हे ठरविण्यासाठी. आणि बोलणे चालू असताना त्याची नजर आणखी एका गोष्टीवर असते : उत्तर कोण देते आणि उत्तर देण्यापूर्वी ती व्यक्ती कोणाकडे पाहते.

एवढे झाल्यावर तो माडीवरच्या मुलाला हाक मारून दोन-तीनच नग मागवतो. त्यातला मधल्या भावाचा आधी उलगडतो आणि गप्प बसतो. पाहणाऱ्याचा हात पदराकडे गेला की काठाकडे, कापड मुठीत चुरगळून पाहिले की नुसतेच वरून हात फिरवला, यावरून पुढचा नग वरच्या भावाचा काढायचा की खालच्या, हे ठरते. काही वेळा तो एवढेच म्हणतो, “आपके काम का आज नहीं है, अगले हफ्ते आएगा.” आपल्याला ते निःस्पृहपणाचे वाटते. खरे तर त्याने स्वतःचा अर्धा तास वाचवलेला असतो, आणि आपल्यालाही मोकळे केलेले असते.

हा व्यापारी साधुसंत आहे, असे सुचवायचे नाही. हीच पारख परगावच्या प्रवाशाच्या खिशाचे माप काढण्यासाठीही वापरली जाते, आणि जयपूरला जाऊन आलेल्या पुष्कळांना घरी आल्यावर आपण दुप्पट भाव मोजल्याचे उमगते. येथे घरगुती विक्रेत्या स्त्रीची वाट वेगळी होते. प्रवासी उद्या गाव सोडून जाणार असतो; शेजारीण उद्या सकाळी दूध घेताना पुन्हा भेटणार असते. म्हणून चौकशी करण्याची कला तीच घ्यायची, हेतू मात्र बदलून घ्यायचा. ज्याला वस्तू नको आहे त्याला ती खपवू नये, यासाठी ती वापरायची.

ही कला केवळ आपल्याकडचीच आहे असेही नाही. अमेरिकेत डेटन येथे जॉन पॅटर्सन यांच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने १८८७ मध्ये आपल्या विक्रेत्यांसाठी एक छोटी पुस्तिका तयार केली. दुकानदारांना रोकड मोजण्याचे यंत्र विकायचे होते. दुकानात शिरताच यंत्राविषयी बोलू नये, आधी दुकानदाराशी त्याच्या धंद्याविषयी बोलावे आणि यंत्र दाखवायचे ते गिऱ्हाइकांच्या गर्दीत नव्हे, तर जवळच्या हॉटेलातील निवांत खोलीत नेऊन दाखवावे, असा तिचा शिरस्ता होता. जौहरी बाजारातील गादी आणि डेटनच्या विक्रेत्याची ती खोली यांत फारसा फरक नाही.

‘बघते’ या शब्दाचे अर्थ

आता आपल्या बैठकीच्या खोलीकडे वळू. गिऱ्हाईक पारखायचे म्हणजे तीन गोष्टी ताडून पाहायच्या : गरज आहे का, ऐपत आहे का आणि निर्णय कोणाच्या हाती आहे. ऐकायला हे सोपे वाटते. अडचण अशी, की मराठी घरात यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर सरळ मिळत नाही.

वस्तू नको असली तरी आपण तोंडावर ‘नको’ म्हणत नाही. आपण म्हणतो, “बघते.” हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो. चादर मनापासून आवडली, पण महिनाअखेर आहे, म्हणून बघते. पैसे आहेत, पण घरातल्या अंथरुणा-पांघरुणाचे सासूबाई ठरवतात, म्हणून बघते. आणि चादर मुळीच नको आहे, पण तुमचे मन मोडवत नाही, म्हणूनही बघतेच. नवी विक्रेती तिन्ही ‘बघते’ एकाच वहीत लिहिते आणि आठवड्याने तिघींकडे पुन्हा जाते. पहिलीला ती आठवण वाटते, दुसरीला अडचण आणि तिसरीला छळ.

त्यातून वाट काढायची तर आणखी एकच प्रश्न, हलक्या आवाजात, विचारावा. “मग एक तारखेनंतर येऊ का?” या प्रश्नाला पहिली चटकन होकार देईल आणि वारही सांगेल. “रविवारी सगळे घरी असताना आणून दाखवू का, आईंनाही पाहता येईल,” असे म्हटले की दुसरीचा चेहरा उजळेल, कारण तिच्या वतीने बोलण्याचे काम तुम्ही अंगावर घेतले. तिसरी मात्र या दोन्ही वाक्यांना ‘बघते’ असेच उत्तर देईल. तिला तिथल्या तिथे मोकळे करावे. “नको असेल तर नको म्हणा हो वहिनी. चादर नाही घेतली म्हणून मी चहाला यायची थांबणार नाही.” एवढे ऐकल्यावर बहुधा हसून खरे उत्तर मिळते. पुष्कळदा त्याच वहिनी पुढे आपल्या ओळखीचे एखादे खरे गिऱ्हाईकही सुचवितात.

गरजेचा विचार गाठोडे बांधतानाच, म्हणजे जयपुरातच करायला हवा. जयपुरी रजईचे कौतुक तिच्या हलकेपणासाठी आहे. कापूस इतका पिंजलेला असतो, की अगदी थोडक्या कापसात ऊब येते. परंतु मुंबईच्या दमट हवेत ती कोणाला लागणार? ज्यांच्या शयनगृहात वातानुकूलन यंत्र आहे, त्यांना. ज्यांचा मुलगा दिल्लीच्या वसतिगृहात राहतो, त्यांना. ज्यांची लेक परदेशी आहे आणि विमानात सामानाचे वजन मोजले जाते, त्यांना. नाशिक-पुण्याकडे थंडीच्या दिवसांत गिऱ्हाईक आपोआप वाढते. म्हणजे दहा रजया आणण्यापूर्वी अशी दहा घरे डोळ्यांसमोर यायला हवीत. चादरींचे तर आणखी साधे आहे. जयपुरात दुहेरी चादर साधारणपणे ९० बाय १०८ इंचांची मिळते आणि मोठ्या पलंगासाठी १०८ बाय १०८ ची. पलंगाचे माप न विचारता चादर उलगडणे म्हणजे पाऊल न पाहता जोडा दाखवणे. तरीही हा प्रश्न शेवटी, घडी मोडून झाल्यावर विचारला जातो.

ऐपतीचा प्रश्न नाजूक. पगार कोणी विचारत नाही, विचारूही नये. पण दिनदर्शिका सर्वांच्या भिंतीवर असते. महिन्याचा पहिला आठवडा वेगळा आणि शेवटचा वेगळा. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तके, रेनकोट असतात. त्या महिन्यात गाठोडे घेऊन जाणे हा केवळ वेळेचा अपव्यय नव्हे, थोडा निष्ठुरपणाही आहे. दिवाळीपूर्वी बोनस येतो, लग्नसराईत आहेराची यादी निघते. आपल्या खेपा या तारखांशी जुळवून घ्याव्यात. आणि उधारी? ती पूर्णपणे टाळणे घरगुती धंद्यात कठीणच. मात्र जिला आज पैसे देणे शक्य नाही तिला दोन हप्ते देणे वेगळे, आणि जिला कधीच देणे जमणार नाही तिच्या गळ्यात चादर घालणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात चादरही जाते, पैसेही जातात आणि मैत्रीणही समोरून येताना रस्ता बदलते.

बँकेकडे कर्जासाठी जाणाऱ्या गृहउद्योजिकेने स्वतःचाच अनुभव आठवून पाहावा. अधिकारी कर्जाचा अर्ज पुढे सरकवण्यापूर्वी काय विचारतो? पैसे कशासाठी हवेत, परतफेड कुठून होणार, सही कोणाची. गरज, ऐपत आणि निर्णय. त्या वेळी हे प्रश्न खोदून विचारल्यासारखे वाटतात, पण ते न विचारता दिलेले कर्ज कोणाच्याच हिताचे नसते. आपल्या गिऱ्हाइकांबाबत आपणही त्या खुर्चीत बसलेले असतो.

यासाठी एक वही पुरते. एका घराला एक पान. पलंगाचे माप, आवडते रंग, घरातील येऊ घातलेली कार्ये, पैसे कसे मिळाले याचा अनुभव. मागच्या बाजूला आणखी एक यादी असावी : ज्यांच्याकडे वर्षभर मालाविषयी अवाक्षर काढायचे नाही, अशांची. पन्नास ओळखीच्या घरांतून दहा-बारा खरी गिऱ्हाइके निघाली तरी धंदा उभा राहतो. उरलेली अडतीस घरे स्नेही म्हणून शिल्लक राहणे, ही मिळकतीची दुसरी बाजू समजावी. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर ऐंशी छायाचित्रे एकदम सगळ्यांना पाठवण्याची सोय झाली आहे, आणि तिने ही पारखण्याची सवय पार बिघडवली. ऐंशीपैकी तीन निवडून एका व्यक्तीला पाठवली तर तिला वाटते, हे माझ्यासाठी निवडले. सगळी ऐंशी आली की ती न पाहताच पुढे सरकते.

उलटी बाजू आधी

गिऱ्हाईक ठरले, वेळ ठरली. आता मांडणी. येथेही गाठोडे पूर्ण सोडायचे नाही. तीन नग पुरेत. त्याहून अधिक समोर आले, की मन तुलना करण्यात थकते आणि थकलेले मन ‘बघते’ म्हणते.

मांडणीत बोलायचे काय, तर वस्तूविषयी जे खरे आणि नेमके ठाऊक आहे तेवढेच. यासाठी जयपुरात एक दिवस खरेदीऐवजी पाहण्यासाठी राखून ठेवावा. सांगानेर शहरालगतच दक्षिणेस आहे, बगरू अजमेर रस्त्यावर सुमारे ३० किलोमीटरवर. दोन्हीकडे छीपा समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या लाकडी ठशांनी कापड छापत आली आहेत. आमेरला जुन्या हवेलीत अनोखी संस्थेचे हातछपाईचे संग्रहालय आहे. तेथे ठसे कोरणारे आणि छापणारे कारागीर काम करताना पाहता येतात. ते एकदा पाहिले, की चादर उलगडताना सांगण्यासारखे पुष्कळ असते.

सांगानेरी छापाची ओळख पांढऱ्या किंवा फिक्या जमिनीवरच्या नाजूक फुलाबुट्ट्यांची. बगरूचा बाज मातकट. तिथले कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, म्हणून त्याला पिवळसर छटा येते. आपल्या घरातल्या औषधाच्या डबीतला हिरडा तो हाच, हे ऐकून ऐकणारीचे कुतूहल जागे होते. काळा रंग लोखंडाचे जुने तुकडे गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवून तयार होतो. लाल रंग धरायला तुरटी लागते. जिथे रंग लागू द्यायचा नाही तिथे चिखल, चुना आणि डिंक यांचे मिश्रण छापतात, त्याला डाबू म्हणतात. एका नक्षीत जितके रंग, तितके ठसे. रेषांचा ठसा तो रेख, आत रंग भरणारा तो दत्ता आणि जमीन भरणारा तो गद. पाच रंगांची बूट म्हणजे त्याच जागी पाच वेळा नेमका हात पडायला हवा. एवढे समजल्यावर “दुकानात याहून स्वस्त मिळते” या वाक्याला उत्तर देताना आवाज चढवावा लागत नाही. दुकानात मिळते ते बहुतेक स्क्रीनवर छापलेले असते, तेही टिकाऊ असते, आणि स्वस्तच हवे असेल तर तेच घ्यावे, असे खुशाल सांगावे.

आणि दोष? ते आपणच आधी दाखवावेत. कापड उलटे करून समोर धरावे. एक ठसा संपून दुसरा टेकतो तिथे बारीक सांधा दिसतो, कुठे रंग किंचित गडद, कुठे फिका. हा हाताच्या कामाचा पुरावा आहे, पण पाहणारीला आधी सांगितले नाही तर घरी नेल्यावर तोच तिला डाग वाटतो. पहिल्या धुण्यांत थोडा रंग सुटेल, वेगळे धुवा, कडक उन्हात वाळवू नका, हे पैसे हातात पडण्यापूर्वी सांगितले तर ती माहिती असते. चादर परत घेऊन आल्यावर सांगितले तर ती सबब ठरते.

भाव सांगताना आपल्या बायका हमखास अडखळतात. “तसे पाहिले तर, म्हणजे मला तिथे पडली तेवढ्यालाच…” अशी सुरुवात झाली, की समोरचीला वाटते काहीतरी लपवले जात आहे. प्रवासखर्च, वाहतूक, आपला वेळ आणि नफा धरून एक आकडा ठरवावा, तो एकदाच सांगावा आणि गप्प बसावे. जौहरी बाजारातील मालक गप्प बसतो, ते उगीच नव्हे. कापड हातात असताना गिऱ्हाइकाच्या मनात चाललेला हिशेब आपल्या बोलण्याने मोडतो.

ओळखीचा पहिला व्यापारी

घरगुती माल म्हणजे दारोदार फिरणे, ही कल्पना फार रूढ आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली, हे सर्वश्रुत आहे. त्यातील एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. त्यांनी पहिले पापड घरोघर विकत बसण्याऐवजी भुलेश्वरमधील एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिले. गरज, ऐपत आणि निर्णय तिन्ही एकाच माणसापाशी होते. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, हलके स्वस्तात विकावेत म्हणून. छगनबाप्पा पारेख यांनी एकच प्रत ठेवण्याचा आणि तिच्यात तडजोड न करण्याचा सल्ला दिला. मांडणी सोपी झाली, कारण आता समजावून सांगण्यासारखा फरकच उरला नाही.

जयपूरचा माल आणणाऱ्या गृहिणीलाही असा ‘ओळखीचा व्यापारी’ शोधता येतो. शिवणकाम करणारी एखादी बुटीकवाली, लग्नात परतभेटी देणारे घर, अतिथिगृह चालवणारे कुटुंब. एका घरी वीस चादरी लागतात तिथे वीस घरांची भीड खर्च करावी लागत नाही. ज्यांना असा बाजार शोधणे अशक्य आहे, त्या कारागिरांसाठी तो कोणीतरी शोधावा लागतो. नंदकिशोर चौधरी यांनी १९७८ मध्ये राजस्थानातील चुरू येथे दोन मागांवर गालिचे विणून घेण्यास सुरुवात केली. पुढे जयपूर रग्ज या नावाने वाढलेल्या त्यांच्या उद्योगात माग विणकर स्त्रियांच्या घरी किंवा गावात असतो आणि गिऱ्हाईक शोधण्याचा भार कंपनी उचलते.

याच्या अगदी उलट टोकाला एक मार्ग आहे, आणि त्याविषयी सावध करणे आवश्यक वाटते. घरी बैठक जमवून वस्तू विकण्याची पद्धत अमेरिकेत ब्राउनी वाइज या बाईंनी इतकी यशस्वी केली, की टप्परवेअर कंपनीने १९५१ मध्ये आपला माल दुकानांतून काढून घेतला आणि तो केवळ घरगुती बैठकींतून विकायचे ठरवले. १९९६ मध्ये ही कंपनी भारतात आली. अनेक मराठी घरांनी त्या बैठकी पाहिल्या आहेत. २०२४ मध्ये तिने अमेरिकेत दिवाळखोरीपासून संरक्षणासाठी अर्ज केला, ते असो. बैठकीत डबा दाखवला जात होता, तोवर त्यात गैर काही नव्हते. परंतु काही योजनांत डबा किंवा औषधाची बाटली नावालाच असते. खरी मांडणी असते ती “तुम्ही सभासद व्हा, आणखी सहा सभासद आणा” याची. येथे गिऱ्हाईक पारखण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ओळखीचा प्रत्येक माणूस सावज ठरतो.

अशा केवळ माणसे जोडून पैसे फिरवणाऱ्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी घातलेली आहे. २०२१ च्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनी पिरॅमिड योजनांना पुन्हा स्पष्ट मनाई केली. थेट विक्री करणाऱ्याने बोलणे सुरू करतानाच आपण कोण, कोणत्या कंपनीतर्फे आलो आणि कशासाठी आलो हे न विचारता सांगावे. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असे हे नियम सांगतात. आपण कोणत्याही कंपनीचे सभासद नसलो, स्वतःच्याच चादरी विकत असलो, तरी हे दोन नियम आपणहून पाळण्यासारखे आहेत. “अगं, सहज आले होते,” असे म्हणून बसायचे आणि अर्ध्या तासाने पिशवी उघडायची, ही आपल्याकडची सर्वांत जुनी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

जांगड

भांडवलाची सोय आज पूर्वीपेक्षा सुकर आहे. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत अगदी लहान व्यवसायासाठी, ‘शिशु’ गटात, ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. धंद्याचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवले, तर सहा महिन्यांत कोणता माल फिरतो आणि कोणता बसतो, हे पासबुकच सांगते. मात्र कर्ज काढून तिसरी खेप आणण्यापूर्वी दुसऱ्या खेपेतील शिल्लक मोजावी.

त्या शिलकीसाठी जयपूरच्या जवाहिरांकडून एक प्रथा उसनी घेता येईल. तेथील दलाल कागदाच्या पुडीत पाचू-माणके घेऊन एका गादीवरून दुसऱ्या गादीवर जातात आणि माल पसंतीसाठी ठेवून येतात. पसंत पडला तर पैसे, नाही तर पुडी परत. याला जांगड म्हणतात. हा शब्द मराठी व्यापाऱ्यांनाही नवा नाही. लाखोंचा माल विश्वासावर फिरतो, पण तो विश्वास चिठ्ठीवर लिहिलेला असतो. १९३० च्या मालविक्री कायद्यातील कलम २४ अशाच व्यवहाराचे आहे : पसंतीसाठी दिलेला माल घेणाऱ्याने पसंत असल्याचे कळवले, किंवा तो स्वतःचा असल्यासारखा वापरला, किंवा नापसंती न कळवता ठरलेल्या मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर तो त्याचा झाला. मुदत ठरलेली नसेल तर वाजवी काळ धरायचा.

निर्णय घरातल्या चौघांच्या हाती असलेल्या गिऱ्हाइकासाठी याहून चांगली मांडणी नाही. दोन चादरी चार दिवसांसाठी तिच्याकडे ठेवाव्यात. पलंगाजवळ धरून पाहू देत, सासूबाईंना दाखवू देत, पडद्यांशी रंग जुळवू देत. सोबत एक चिठ्ठी लिहावी : तारीख, नग, छाप, दर आणि परतीचा वार. अंथरलेली किंवा धुतलेली चादर परत घेतली जाणार नाही, हेही त्यावरच लिहावे आणि दोघींनी सही करावी. मैत्रिणीपुढे चिठ्ठी करताना अवघडल्यासारखे होते खरे, पण तिच्याही मनावरचे ओझे त्याने कमी होते, कारण परत करण्याची वाट तिच्यासाठी आधीच उघडी ठेवलेली असते. ठरलेल्या वारी आपण स्वतः जावे. फोन करून आठवण देऊ नये, दुसरा माल बरोबर नेऊ नये. चिठ्ठी आणि एक रिकामी पिशवी तेवढी असावी.